तुम्ही विचारलंत म्हणून: ग्लुटामेटचा संदेश थांबतो कसा?

मज्जासंस्था शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी ऐकायला मिळतो: ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे विघटन करणारे एन्झाइम सिनॅप्समध्येच, म्हणजे दोन चेतापेशींमधील संदेशाच्या सांध्यातच, असते, पण ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकासाठी तसे एन्झाइम नाही, तर त्याचा संदेश थांबतो कसा? प्रश्न मोलाचा आहे, कारण मेंदूतील बहुतेक उत्तेजक संदेश ग्लुटामेटच पोहोचवते आणि तेच पेशींबाहेर साचले तर चेतापेशी मरू लागतात.

सिनॅप्सच्या फटीतून ग्लुटामेट विसरणाने बाहेर पसरते आणि शेजारच्या ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींच्या साहाय्यक पेशींच्या पटलावरील वाहक प्रथिने त्याला आत ओढून घेतात. तिथे त्याचे ग्लुटामिन होऊन ते चेतापेशींकडे परत जाते. माणसात अशी पाच वाहक प्रथिने आहेत आणि अग्रमेंदूतील बहुतांश भार त्यांपैकी ईएएटी-2 नावाचे प्रथिन एकटे वाहते. पेशीच्या आत ग्लुटामेटची संहती बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी अधिक असल्यामुळे ही ओढ चढावरची असते, म्हणून तिला लागणारी ऊर्जा आयनांच्या उतारातून, म्हणजे पेशीच्या आतबाहेर त्यांच्या प्रमाणात असलेल्या फरकातून, मिळते: प्रत्येक रेणूबरोबर 3 सोडियम आयन आणि 1 प्रोटॉन आत येतात, तर 1 पोटॅशियम आयन बाहेर जातो.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती या प्रथिनाची संथ गती. एक फेरी पुरी करायला त्याला दहा मिलिसेकंदांच्या कित्येक पट वेळ लागतो, आणि फटीतील ग्लुटामेट तर मिलिसेकंदाच्या आसपासच ओसरते. हा मेळ बसतो, कारण वाहक आधी रेणूला पकडतो आणि पलीकडे सावकाश नेतो. शिवाय ॲस्ट्रोसाइटच्या पटलावर दर चौरस मायक्रोमीटरला असे हजारो वाहक दाटलेले असतात. शेजारच्या सिनॅप्सपर्यंत किती ग्लुटामेट पोहोचू द्यायचे, हे या दाटीवर बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच त्यांना केवळ सफाई कामगार म्हणणे मला अपुरे वाटते.

1997 मध्ये ईएएटी-2 हे प्रथिन नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांना प्राणघातक झटके येऊ लागले. पक्षाघातात तर याहून क्रूर प्रकार घडतो: रक्तपुरवठा तुटला की पेशीचे इंधन असलेले एटीपी संपते, सोडियम बाहेर काढणारा पंप थांबतो, आयनांचा उतार नाहीसा होतो आणि तीच प्रथिने उलटी चालून साठवलेले ग्लुटामेट बाहेर ओतू लागतात.