रेस दिली की गाडी अडखळायची, पण कधीकधीच

आमची पेट्रोल गाडी 2011 ची, बाबांनी घेतलेली. पावसाळा संपता संपता तिला एक नवीनच खोड लागली, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गियरला हलकी रेस दिली की अर्धा सेकंद पिकअपच नाही आणि मग एकदम झटका देऊन उचलायची. रोज नाही हां, दोन-दोन दिवस एकदम गुणी आणि मग एकाच चकरेत चार वेळा. एकदा पुण्यात नवले पुलापाशी सर्व्हिस रोडवरून हायवेला लागत होतो, मागे भरलेला ट्रक, शेजारी आई, आणि गाडीने नेमका तेव्हाच दगा दिला. तेव्हाच ठरवलं, हे सापडेपर्यंत आईला या गाडीत बसवायचं नाही.

गॅरेजला नेली की गाडी नीट चालायची. एका ठिकाणी चारही प्लग, एअर फिल्टर बदलून थ्रॉटल बॉडी, म्हणजे पेडल दाबलं की इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ करून दिली, चार दिवस बरं वाटलं आणि परत तेच. दुसऱ्या ठिकाणी चक्कर न मारताच, "साहेब, फ्युएल पंप वीक झालाय, नवीन टाकू." पंप म्हणजे काही हजारांचं काम, म्हणून जरा थांबलो.

मग एक वही गाडीतच ठेवली आणि झटका बसला की गाडी बाजूला घेऊन लिहायचं, स्पीड किती, गियर कुठला, इंजिन गरम का थंड, एसी चालू होता का. दोन आठवड्यांनी वाचलं तर गरम-थंड, एसी, कशाचाच मेळ नाही, पण एक गोष्ट प्रत्येक वेळी सारखी, स्पीड 40-50 आणि पाय पेडलवर जेमतेम टेकलेला. रविवारी पहाटे मुद्दाम जुन्या कात्रज घाटात गेलो आणि बोगद्यापर्यंत दाबून चढवली, एकदाही अडखळली नाही! पंप वीक असता तर इंजिन जिथे सगळ्यात जास्त पेट्रोल मागतं तिथे, म्हणजे चढालाच, आधी रडला असता. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचंही तसंच, इंजिनवर ताण आला की मिसिंग आधी दिसतं.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ब्लूटूथवाला स्कॅनर लावून बघितला, बिघाडाचा एकही कोड नाही, थ्रॉटलचा आकडाही सरळ. पण हे स्वस्तातले स्कॅनर सेकंदाला दोन-चारदाच आकडा बदलतात, मधली चूक त्यांच्या हाती लागतच नाही. हे मला नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी सांगितलं, वही त्यांनी अख्खी वाचली आणि जुना काट्याचा मीटर काढला.

आमच्या गाडीत थ्रॉटल केबलवर चालतो आणि त्याच्या टोकाला पोझिशन सेन्सर असतो, आत कार्बनची पट्टी, तिच्यावर एक काटा सरकतो. पाच व्होल्ट आत जातात आणि पेडल सोडल्यावर साधारण अर्धा, पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास व्होल्ट बाहेर येतात, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं पाय किती दाबलाय. काकांनी इंजिन बंद ठेवून नुसतं इग्निशन चालू केलं, सिग्नलच्या वायरला मीटर लावला आणि मला म्हणाले, "आता पेडल मुंगीच्या पावलाने दाब." मीटरचा काटा वर चढत गेला, एक व्होल्ट ओलांडला आणि पटकन खाली पडून परत वर आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा त्याच जागी. कनेक्टर हलवून पण बघितला, तो लूज असता तर काटा कुठेही पडला असता, हा एकाच जागी पडत होता. "पट्टी झिजलीय. गावात फिरताना पाय रोज इथंच असतो ना." तेवढ्या क्षणाला कॉम्प्युटरला वाटायचं पाय उचलला आणि तो पेट्रोल कमी करायचा, झटका तो हाच.

नवीन सेन्सर दोन स्क्रूवर बसला, बंद थ्रॉटलचे व्होल्ट काकांनी मीटरवर बघून जुळवून दिले. आता दीड महिना झाला, आईला घेऊन नवले पुलावरून चार-पाचदा जाऊन आलो, वहीत एकही नवीन नोंद नाही, आणि पंप अजून तोच जुना आहे.