आमची वाटचाल : गोळ्यांच्या कारखान्यापुढचे नवे काम

इतर कंपन्यांसाठी त्यांच्या सूत्राप्रमाणे गोळ्या तयार करून देणे, एवढ्याच कामावर आमचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला ग्राहक दर, माल मिळण्याची तारीख आणि परवाना यांपलीकडे फारसे विचारत नसे. गोळीचे वजन, कडकपणा, ठिसूळपणा आणि विरघळण्याचा वेग मर्यादेत बसला की बॅच बाहेर पडत असे.

२०१८ नंतर ही घडी मोडली. वल्सार्टन या रक्तदाबावरील औषधात एनडीएमए हे नायट्रोसअमाइन, म्हणजे कर्करोगाचा धोका मानल्या जाणाऱ्या रसायनांच्या गटातले एक, आढळले. मूळ औषध बनवण्याची पद्धत बदलताना उरलेले अझाइड (अभिक्रियेत वापरलेले विषारी रसायन) नष्ट करण्यासाठी सोडियम नायट्राइट वापरले गेले आणि द्रावकातून निर्माण होणाऱ्या डायमिथाइलअमाइनशी त्याचा संयोग होऊन ही अशुद्धी तयार झाली. नेहमीच्या चाचण्यांत ती दिसली नाही, कारण तिथे ती कोणी शोधतच नव्हते. एनडीएमएची स्वीकारार्ह मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे आमच्या रोजच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेरची होती.

हा कच्चा माल बनवणाऱ्यांचा प्रश्न आहे, असे म्हणून आम्हाला हात झटकता आले नाहीत. औषधाच्या रेणूत दुय्यम अमाइन (नायट्राइटशी सहज संयोग पावणारा नायट्रोजनयुक्त भाग) असेल आणि गोळी बांधण्यासाठी घातलेल्या पूरक द्रव्यात नायट्राइटचा अंश असेल, तर ओल्या ग्रॅन्युलेशनमध्ये (भुकटी ओली करून तिचे दाणे बनवण्याच्या टप्प्यात) किंवा पुढे साठवणुकीत नायट्रोसअमाइन आमच्याच गोळीत तयार होऊ शकते. हा अंश पुरवठादारागणिक, कधी कधी लॉटगणिकही बदलतो. त्यामुळे दोन पैसे वाचवण्यासाठी पुरवठादार बदलणे हा आता केवळ खरेदी विभागाचा निर्णय राहिलेला नाही. आमच्याकडे त्या कागदावर फॉर्म्युलेशन रसायनतज्ज्ञाची सही लागते. (खरेदी विभाग यावर अजूनही कुरकुरतो, आणि त्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे नाही.)

इतक्या सूक्ष्म मोजणीसाठी लागणारे मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारे यंत्र) आम्ही घेतलेले नाही. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. प्रयोगशाळा आकडा देते, पण कोणते नायट्रोसअमाइन शोधायचे आणि कोणत्या टप्प्यावरचा नमुना पाठवायचा, हे आम्हीच ठरवावे लागते. यंत्र कर्ज काढून आणता येते, हा विचार करणारा माणूस मात्र घडवावाच लागतो, आणि माझ्या मते येत्या काळात लहान कारखान्यांची खरी टंचाई इथेच आहे. जीएमपीचे, म्हणजे औषधनिर्मितीतल्या चांगल्या कार्यपद्धतीचे, नियम पाठ असलेले उमेदवार पुष्कळ भेटतात. क्रोमॅटोग्रामवरच्या (नमुन्यातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या आलेखावरच्या) मुख्य शिखराला चिकटलेला लहानसा उंचवटा पाहून तो कुठून आला असे विचारणारे विरळाच. तो उंचवटा हाताने रेषा ओढून वगळला, तर त्याची नोंद ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे संगणक आपोआप ठेवत असलेल्या बदलांच्या नोंदीत, राहतेच. म्हणून तसे का केले याचे कारण त्याच वेळी लिहून ठेवण्याची शिस्त आम्ही लावली.

अखंड उत्पादनाबद्दल (बॅच न करता एका बाजूने कच्चा माल घालत दुसऱ्या बाजूने सतत माल काढण्याबद्दल) औषधांचे नियम जुळवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू१३ ही मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आली आणि आमच्याकडेही यंत्रविक्रेत्यांच्या फेऱ्या वाढल्या. एकाच औषधाचे प्रचंड उत्पादन करणाऱ्यांना ती वाट लाभदायक असेल. सतत उत्पादन बदलून दर वेळी यंत्रे धुणाऱ्या आमच्यासारख्यांना तूर्त नाही. त्याऐवजी मिश्रण एकजीव झाले की नाही, हे ब्लेंडर चालू असतानाच दाखवणारा निअर इन्फ्रारेड सेन्सर आधी बसवावा, असे आम्ही ठरवले आहे. त्या सेन्सरच्या वाचनांचा अर्थ लावणारे गणिती प्रारूप तयार करण्याचे काम सध्या उत्पादन आणि गुणवत्ता विभागातली माणसे एकत्र बसून शिकत आहेत.