पोटरीतलं कणीस

रविवार, डिसेंबर, आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे)

आज उपासनेत मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला तो छोटा दाखला वाचला गेला. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पाळकसाहेब पुढच्या वचनाकडे गेले, मी मात्र तिथेच अडकले. कालच जामखेडहून आले आहे आणि भावाची शाळू अजून डोळ्यांपुढे आहे.

शाळू आत्ता पोटरीत आहे. वरून पाहिलं तर नुसती पानंच पानं. नवख्या माणसाला वाटेल, यंदा कणसं काही धरत नाहीत. पण वरच्या पानाच्या आवरणाला बोटांनी हलकेच दाबलं की आतला फुगवटा हाताला लागतो. कणीस तयार होत असतं, फक्त अजून निसवलेलं नसतं. पेरणी झाली नवरात्राच्या आसपास. त्यानंतर आमच्याकडे पावसाचा थेंब नाही. सगळं पीक काळ्या रानातल्या खालच्या ओलीवर उभं आहे. भाचा लहान असताना एकदा उत्सुकतेपोटी एका ताटाची पोटरी नखाने चिरून बघत होता. त्याचे आजोबा म्हणाले, "अरे, आता ते वाळणार. दमानं घे, येतंय ते."

अंकुर आणि कणीस यांच्यामधल्या या काळाबद्दल येशूने एक शब्दही वेगळा सांगितला नाही. पण ऐकणारे गालीलातले शेतकरीच होते, त्यांना तो सांगायची गरजही नसेल. आपल्याला आहे.

म्हणूनच गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थना सभेतलं बोलणं मनातून जात नाही. साक्षीची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, वेळ होती. ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेली एक मुलगी म्हणाली, "मावशी, माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. राग येतो तसाच येतो. प्रार्थनेत मन लागत नाही. मी आहे तिथेच आहे." कोणीतरी लगेच म्हणालं, विश्वास कमी पडतोय, उपास धर. मुलगी खाली बघत बसली. मला फार वाईट वाटलं. आपल्या मंडळ्यांना एका रात्रीत बदललेल्या माणसाची साक्ष आवडते, आणि तशी माणसं आहेतही, देवाची स्तुती असो. पण बहुतेकांचं तसं होत नाही, आणि त्यात त्यांचं काही उणं नाही. हीच मुलगी आता दर आठवड्याला सासूला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जाते. वर्षभरापूर्वी दोघी एका खोलीत बसत नव्हत्या. हे तिने सांगितलंच नाही, कारण तिला ते वाढीत धरावं असं वाटलंच नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे बघावं. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, आत्म्याने भरून उभा राहिला तो माणूस. पुढे यापोत गच्चीवर दृष्टान्त झाला, यहुदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी गेला, देव पक्षपाती नाही हे स्वतःच्या तोंडाने बोलला. आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर अंत्युखिया शहरात, यरुशलेमहून काही माणसं आली तेव्हा घाबरून परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला. प्रेषित पौलाला त्याच्या तोंडावर बोलावं लागलं. पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सगळं आहे. प्रेषिताचंही शिकणं संपलेलं नव्हतं. प्रभूने त्याला टाकलं नाही. त्याच पेत्राच्या नावाचं दुसरं पत्र संपतं ते कृपेत आणि प्रभूच्या ज्ञानात वाढत जा, या सांगण्यावर.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, लेक मनोरमाही सोबत. पण मिळाला तो ख्रिस्ती धर्म, ख्रिस्त स्वतः तेव्हा सापडला नव्हता, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. तो सापडायला आठेक वर्षं गेली. या मधल्या काळात त्या गप्प बसल्या नव्हत्या. धर्ममतांवर वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून वाद घातले. कोणी मोठं सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदनही सुरू केलं. पुढे केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती ही संस्था उभी राहिली, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, ते १९२२ मध्ये मरेपर्यंत चाललं. त्या आठ वर्षांत कोणी त्यांना विश्वासात कच्ची म्हणून मोडीत काढलं असतं तर? मला तर वाटतं, ती वर्षं नसती तर पुढचं केडगाव उभंच राहिलं नसतं.

धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हेही स्वतःला सांगायला हवं. खुरपणी आहे, पाखरांपासून राखण आहे. रोजचं वचन, मन लागो न लागो गुडघे टेकणं, प्रभुभोजनाला स्वतःला पारखून जाणं, हे आपल्याकडे. वाढवणं त्याच्याकडे. ही वाटणी मला पटते, पण जगताना मी सारखी त्याच्या वाट्यात हात घालते.

दिरांचंच घ्या. जमिनीच्या वाटणीत ते जे बोलले, ते अजून टोचतं. किती वर्षं मी त्यांचं नाव प्रार्थनेत घेऊ शकत नव्हते. आता घेते. त्यांचं भलं कर म्हणते, पण मनापासून म्हणवत नाही अजून. पूर्वी या अर्धवटपणाने मी कासावीस व्हायचे; ही कसली क्षमा, असं वाटून नाव घेणंच सोडून द्यायचे. आता सोडत नाही. प्रभो, एवढंच जमतंय, असं सरळ सांगते आणि पुढचं त्याच्यावर सोपवते.

येत्या गुरुवारी साक्षीची वेळ आली की मीच आधी उठणार आहे, आणि हेच सांगणार आहे: दिरांना माझी पूर्ण क्षमा अजून झालेली नाही, पण नाव घेता येतंय. मग त्या मुलीला सासूच्या डोळ्यांचं विचारीन, सगळ्यांसमोर.