परदेशी शिकायला निघताना एका ‘राव’ने अडवलं : माझा अनुभव

मी दारव्हा तालुक्यातली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं आणि 2025 च्या ऑक्टोबरपासून जर्मनीत ग्योटिंगनला एम.एस्सी. करते आहे. गावाकडून पोरंपोरी फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा असतो. माझा तो अभ्यास तीन महिन्यांत आटोपला. कागदपत्रांना मात्र वर्ष गेलं, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी एपीएस या जर्मन तपासणी कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या मार्कशीट, डिग्री खऱ्या आहेत का हे ते तपासतात. फी 18,000 रुपये. एवढे पैसे भरायचे म्हणून आधी सगळे कागद पलंगावर मांडून बसले. तुरीचा हंगाम होता, बाबा नुकतेच वावरातून आले होते. दहावीच्या मार्कशीटवर माझ्या नावामागे बाबांचं नाव साधंच होतं. आधारवर त्याला ‘राव’ जोडलेला. पासपोर्ट आधारवरून काढलेला, त्यामुळे तिथेही ‘राव’.

बाबा म्हणाले, “सारं गाव मले रावच म्हणते वं. त्यानं काय बिघडते?”

गावात काहीच बिघडत नाही. पण तपासणाऱ्याने आपल्याला कधी पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर फक्त अक्षरं असतात.

ओळखीच्या एकांनी सांगितलं, दहावीचीच मार्कशीट दुरुस्त करून घे. कृपा करून असं करू नका. बारावी, डिग्री, ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या विषयांच्या गुणांचा दाखला), सगळं दहावीच्या नावावर चालत आलेलं असतं. तिथे हात लावला की सगळंच बदलावं लागतं. दहावी बरोबर धरा आणि आधार, पासपोर्ट तिच्याशी जुळवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून मी स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं आणि पावतीवर एकेक अक्षर बोट ठेवून वाचल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही.

मग पासपोर्ट नव्याने काढायला टाकला. 36 पानांच्या पासपोर्टचे 1,500 रुपये. पोलीस चौकशीला आले त्या दिवशी मी ट्रान्सक्रिप्टसाठी अकोल्याला आणि घरचे वावरात. दाराला कुलूप. ‘पत्त्यावर आढळली नाही’ असा शेरा गेला आणि पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा. फार रडले तेव्हा. तुम्ही अर्ज केल्याबरोबर पोलीस पाटलांना सांगून ठेवा आणि चौकशी होईपर्यंत गाव सोडू नका.

ट्रान्सक्रिप्ट काढायला गेलात तर एकदमच चार-पाच प्रती मागा. पुन्हा जाण्यात एसटीचा दिवस जातो.

आता पैशाचं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, म्हणून तिथली नावं मी यादीतून काढली. एका एजंटाने मला भरपूर फीचं खासगी कॉलेज जवळजवळ गळ्यात मारलं होतं. डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या वेबसाइटवर सगळे कोर्स फुकट शोधता येतात, आधी ते स्वतः बघा.

फी नसली तरी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याखाण्याच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं, चुकत नाही. महिन्याला 992 प्रमाणे वर्षाचे 11,904 युरो आधीच भरून दाखवावे लागतात. म्हणजे अकरा-बारा लाख. आमची सात एकर जमीन आहे, म्हणून बाबा निर्धास्त होते. सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून बँकेत घेऊन आले. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण चालत नाही, असं तिथे कळलं. घर गावठाणातलं, त्याचा फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तोही चालला नाही. बाबांनी सातबारा परत पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ती गाठ मी विसरणार नाही.

साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळू शकतं. ते आम्ही घेतलं, जामीनदार म्हणून मामा उभे राहिले. उरलेलं माझ्या दीड वर्षाच्या पगारातून आणि त्या साली विकलेल्या तुरीतून जमवलं. घरात शेती आहे म्हणून बँकेचं काम शेवटाला ठेवू नका. ॲडमिशनच्या अर्जाआधीच बँकेत जाऊन काय तारण चालतं ते विचारा.

नोव्हेंबरात धाकट्या भावाचा दहावीचा फॉर्म भरायचा होता. मी इथून व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी चष्मा लावून एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवलं. आपल्या नावापाशी थांबले आणि म्हणाले, “राव नाही लावला बरं.”