चालत्या गणनेची पाने हलवताना

आमचे कार्यालय रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून थोड्या अंतरावर आहे. कोकणातील खाड्यांच्या मुखांवर वाळूचे दांडे साचतात आणि पावसाळ्याच्या शेवटी बोटी आत-बाहेर करताना त्या दांड्यांवर फुटणाऱ्या लाटा जिवावर बेततात. कोणत्या वाऱ्यात आणि भरतीच्या कोणत्या टप्प्यावर कोणते मुख टाळावे, याचे तक्ते मच्छीमारांच्या हाती देणे हे आमचे काम आहे. राज्यातील मासेमारीबंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते, त्यामुळे 1 ऑगस्टला बोटी निघण्यापूर्वी तक्ते छापून तयार असणे, ही आमच्यासाठी पुढे न ढकलता येणारी तारीख असते.

गेल्या वर्षी 8 जुलैला मी तीस पावसाळ्यांची लाटांची गणना सुरू केली. एका पावसाळ्याचे 122 दिवस धरले, म्हणजे एकूण 3660 दिवस होते आणि प्रत्येक दिवसाच्या गणनेला सुमारे अकरा मिनिटे लागत होती. चौथ्या दिवशी मी हिशेब मांडला, तेव्हा काम 5 ऑगस्टला संपेल असे दिसले. गणना थांबवून पुन्हा सुरू करावी, तर लाटांच्या कमाल उंचीची आणि सरासरीची आकडेमोड शेवटपर्यंत मेमरीतच साठत होती. प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मारली असती, तर झालेले सगळे काम गेले असते. मधला टप्पा फाइलीत लिहून ठेवण्याची सोय मी आधीच करायला हवी होती. ती केलेली नव्हती, म्हणून जे काही करायचे ते चालत्या प्रक्रियेवरच करणे भाग होते.

यंत्र दोन प्रोसेसरांचे होते. प्रत्येक प्रोसेसरात सोळा कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, आणि त्याच्या स्वतःच्या नियंत्रकाला जोडलेली 64 जीबी मेमरी. प्रोसेसर आणि त्याची जवळची मेमरी यांच्या जोडीला नोड म्हणतात. एका नोडवरचा कोअर दुसऱ्या नोडची मेमरीही वाचू शकतो, पण ती मागणी दोन प्रोसेसरांमधल्या जोडमार्गावरून जाते आणि उशिरा पूर्ण होते. मी गुहागरकडचा असल्यामुळे मला इथे दाभोळ-धोपावे फेरीबोट आठवते: माणूस पलीकडे जातो खरा, पण बोटीची वाट पाहूनच. न्यूमासीटीएल या आज्ञेने अंतरे पाहिली, तर स्वतःच्या नोडसाठी 10 आणि दुसऱ्यासाठी 21 असे सापेक्ष आकडे आले.

गणनेचे बत्तीसही थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे, शंभर टक्के व्यस्त दिसत होते, आणि त्यामुळे पहिले तीन दिवस मला काहीच संशय आला नाही. मेमरीतून मजकूर येण्याची वाट पाहणारा कोअरही त्या टक्केवारीत व्यस्तच धरला जातो, ही गोष्ट मला माहीत होती. तरी डोळ्यांसमोर शंभरचा आकडा असताना ती आठवत नाही. मग कोणत्या नोडवर किती मेमरी आहे ते दाखवणारे न्यूमास्टॅट चालवले आणि कारण एका ओळीत समोर आले. आमच्या प्रक्रियेची 48 जीबी मेमरी जवळजवळ सगळी शून्य क्रमांकाच्या नोडवर होती आणि पहिल्या क्रमांकाच्या नोडवर जेमतेम काहीशे एमबी.

लिनक्स या कार्यप्रणालीमध्ये एखाद्या प्रोग्रामने मेमरी मागितली, म्हणजे लगेच प्रत्यक्ष मेमरी मिळते असे नाही. मेमरी 4 केबीच्या पानांत वाटलेली असते आणि पान प्रत्यक्षात दिले जाते ते त्याला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा; वेगळे धोरण सांगितलेले नसेल, तर हात लावणारा कोअर ज्या नोडवर असेल त्याच नोडवर. आमच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीची फाइल एकच थ्रेड वाचत होता. त्यामुळे सगळी पाने त्याच्या घरी जन्मली. पुढे गणना बत्तीस थ्रेडमध्ये वाटली गेली, पण निम्मे थ्रेड प्रत्येक आकड्यासाठी पलीकडच्या नोडकडे जात होते, आणि एकाच नियंत्रकावर दोन्हीकडची गर्दी होत असल्यामुळे घरचे थ्रेडही अडून राहत होते.

कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पाने एका नोडवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय जुनी आहे. मायग्रेट पेजेस ही सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नेलला करायची विनंती) 2006 मध्ये 2.6.16 या आवृत्तीत आली, आणि त्याच वर्षी 2.6.18 मध्ये मूव्ह पेजेस आली. पहिलीला प्रक्रियेचा क्रमांक आणि नोडची नावे सांगितली, की ती त्या प्रक्रियेची सगळी पाने इकडून तिकडे नेते. मला ती उपयोगी नव्हती, कारण सगळे बिऱ्हाड दुसऱ्या नोडवर नेले असते, तर गर्दीची फक्त बाजू बदलली असती. मला निम्मीच पाने हवी होती, आणि तीही नेमकी पलीकडच्या सोळा थ्रेडना लागणारी. त्यासाठी मूव्ह पेजेस योग्य होती. तिला पानांच्या पत्त्यांची यादी आणि प्रत्येक पानासाठी हवा तो नोड द्यायचा असतो. ती प्रत्येक पानाची स्थिती परत कळवते. नोडची यादी रिकामी ठेवली, तर ती काहीही न हलवता पान सध्या कुठे आहे एवढेच सांगते. ही दुसरी सोय माझ्या फार कामी आली.

कर्नेल हे काम स्वतःहूनही करू शकते. 2013 मध्ये 3.8 या आवृत्तीपासून त्यात नोडचा आपोआप समतोल साधण्याची व्यवस्था आली: कर्नेल अधूनमधून काही पानांची वाट मुद्दाम अडवते, कोणत्या नोडवरचा थ्रेड तिथे अडखळला ते नोंदवते आणि पान त्याच्या जवळ नेते. आमच्या यंत्रावर ही व्यवस्था बंद ठेवलेली होती. ती सुरू करण्याचा मोह झाला, पण माझ्या मते ती ज्यांची मेमरीची चाल आधी सांगता येत नाही अशा कामांसाठी आहे. आमच्या गणनेत कोणता थ्रेड कोणत्या पानावर काम करणार हे मला ठाऊक होते. जे ठाऊक आहे ते कर्नेलला अडखळून अडखळून शोधायला लावण्यात मला अर्थ दिसला नाही.

मी पूर्वी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते अण्णा आता निवृत्त होऊन देवगडला असतात. रात्री त्यांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "थ्रेड बांधलेस का?" मी नाही म्हणालो. "मग आधी ते बांध. पाने नेऊन ठेवशील आणि कर्नेल थ्रेड उचलून दुसरीकडे बसवेल. आधी माणसं कुठे राहणार ते ठरव, सामान मग." त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी पाने हलवण्याच्या एवढ्या विचारात होतो, की थ्रेड एका नोडवर स्थिर नाहीत ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

मूळ प्रक्रियेवर हात टाकण्यापूर्वी मी लॅपटॉपवर दोन नोडचे आभासी यंत्र उभे केले. क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये असे खोटे नोड मांडता येतात. वेगाचा अंदाज त्यावरून येत नाही, पण पान कुठून कुठे गेले हे अचूक पाहता येते. तिथे समुद्रातील बिंदूंच्या लहान जाळीवर गणना चालवली आणि एक चूक वेळेवर सापडली. आमच्या प्रोग्राममध्ये तीन मोठे ॲरे, म्हणजे आकड्यांच्या सलग मांडण्या, आहेत: दोन 24 जीबीचे आणि एक 12 जीबीचा. कर्नेलच्या नोंदीत मात्र ते शेजारी-शेजारी असल्यामुळे 60 जीबीचा एकच सलग पट्टा दिसत होता. मी गृहीत धरले होते, की आधी मागितलेला ॲरे खालच्या पत्त्यावर असेल. प्रत्यक्षात लिनक्स मोठे तुकडे वरून खाली देत जाते, म्हणून शेवटी मागितलेला 12 जीबीचा ॲरे सर्वांत खाली होता. तो क्रम उलटा धरून पाने हलवली असती, तर बरीचशी चुकीच्या घरी गेली असती.

लॅपटॉपवरचा क्रम खऱ्या यंत्रावरही तोच आहे याची खात्री कशी करायची, हा प्रश्न उरला. 13 जुलैच्या संध्याकाळी मी मूव्ह पेजेसला नोडची यादी न देता पूर्ण पट्ट्याची स्थिती विचारली. बहुतेक पानांपुढे 0 आला, म्हणजे शून्य क्रमांकाचा नोड. पण मधूनमधून उणे 2 चे लांब पट्टे होते. उणे 2 म्हणजे ते पान अस्तित्वातच नाही. मला उलगडा झाला तो या पट्ट्यांमुळे. आम्ही प्रत्येक बिंदूवर लाटांच्या 36 दिशा आणि 30 वारंवारता साठवतो, म्हणून मोठ्या ॲरेमधला एक बिंदू दोन पानांहून अधिक जागा घेतो. जमिनीवरच्या बिंदूंना प्रोग्राम कधी हातच लावत नाही, त्यामुळे त्यांची पाने कधी जन्मलीच नव्हती. 60 जीबीच्या पट्ट्यात 48 जीबीच का वसली आहे, याचेही उत्तर त्यातच होते.

मी ती स्थिती जाळीच्या ओळींप्रमाणे चित्रात मांडली: पान असेल तिथे काळा ठिपका, नसेल तिथे कोरी जागा. पडद्यावर कोकणचा किनारा उमटला. खाली रेडी, वर डहाणू, मध्ये जमिनीत शिरलेल्या जयगडच्या आणि दाभोळच्या खाड्या, आणि हे सगळे एकाखाली एक तीन वेळा. किनारा पुन्हा जिथे सुरू होत होता, तिथे पुढच्या ॲरेची सुरुवात होती. सर्वांत खालचा ॲरे 12 जीबीचाच निघाला. मेमरीचा नकाशा आणि ज्या समुद्राची गणना चालली होती त्याचा नकाशा असे एकावर एक बसलेले पाहून मी बराच वेळ त्या चित्रासमोरून उठलो नाही.

आमचा प्रोग्राम ज्या फोर्ट्रान भाषेत आहे, तिच्यात ॲरेचा शेवटचा निर्देशांक सर्वांत सावकाश बदलतो आणि आम्ही कामाची वाटणी त्याच निर्देशांकावर, दक्षिणेकडून उत्तरेकडे केलेली आहे. म्हणून प्रत्येक ॲरेचा दुसरा अर्धा भाग, साधारण हर्णैपासून उत्तरेचा समुद्र, पलीकडच्या सोळा थ्रेडचा होता. तो भाग पहिल्या क्रमांकाच्या नोडवर न्यायचा, एवढेच काम उरले. मेमरी होती सुमारे 24 जीबी, म्हणजे त्रेसष्ट लाखांच्या आसपास पाने.

14 जुलैला सकाळी टास्कसेट या आज्ञेने एकेक थ्रेड त्याच्या कोअरला बांधला. पहिल्या क्रमांकाच्या नोडवर तेव्हा फक्त 9 जीबी मोकळी दिसली, कारण रात्रीच्या बॅकअपने वाचलेल्या फाइलींच्या प्रती तिथे राहिल्या होत्या. त्या गेल्या तरी नुकसान नव्हते. मी त्या आधी काढून टाकल्या. बाहेर तरणा पाऊस लागला होता, दोनदा वीज गेली आणि यूपीएसवर भरवसा ठेवून मी काम चालू ठेवले.

एका वेळी 64 एमबीचे पत्ते द्यायचे आणि पाच सेकंद थांबायचे, असे, जमिनीवरचे कोरे पत्तेही धरून, 480 हप्ते केले. एकदम सगळे दिले असते तरी चालले असते, पण गणनेला मध्ये श्वास घेऊ द्यावा असे मला वाटले. एकेका पानासाठी कर्नेलला बरेच काही करावे लागते. नव्या नोडवर रिकामे पान घ्यायचे, जुन्या पानाकडे नेणारी पेज टेबलातली (कोणते पान कुठे आहे याच्या तक्त्यातली) नोंद काढून तिथे तात्पुरती खूण ठेवायची, इतर कोअरांनी जवळ राखलेला जुना पत्ता विसरावा म्हणून त्यांना व्यत्यय पाठवायचा, मजकूर उतरवायचा आणि मग खुणेच्या जागी नव्या पानाची नोंद लावायची. तेवढ्यात एखाद्या थ्रेडने त्याच पानाला हात लावला, तर त्याला ती खूण भेटते आणि काम होईपर्यंत तो थांबतो. त्याला चुकीचा आकडा कधीच मिळत नाही, आणि या एका हमीवर विसंबूनच मी सहा दिवसांच्या कामाला हात लावायला धजलो होतो.

पाऊण तासात पहिली फेरी संपली. थोडी पाने हलली नव्हती. पान त्या क्षणी कर्नेलमध्ये दुसऱ्या कोणी धरून ठेवलेले असेल, तर ते जागचे हलवता येत नाही. दुसऱ्या फेरीत तीही गेली. न्यूमास्टॅटमध्ये दोन्ही नोडसमोर जवळजवळ सारखे आकडे आले. पुढच्या दिवसाची गणना आठ मिनिटांत झाली आणि त्यानंतर वेळ सातवर स्थिरावला. गणना 28 जुलैला दुपारी पूर्ण झाली. निकाल बरोबर आहेत का हे तपासण्यासाठी पाने हलवली तेव्हा ज्या पावसाळ्याची गणना चालू होती, तो मी नंतर वेगळा चालवला आणि त्यातील दररोजचे आकडे मूळ फाइलीशी शेवटच्या स्थानापर्यंत जुळवले. तक्ते 31 तारखेला मिरकरवाड्याला पोहोचले.

ऑगस्टमध्ये मी प्रोग्राम सुधारला. आता फाइल वाचण्यापूर्वी बत्तीसही थ्रेड, गणनेत असते त्याच वाटणीने, आपापल्या भागात शून्ये लिहितात, त्यामुळे प्रत्येक पान आपल्या थ्रेडच्या नोडवरच जन्मते आणि नंतर हलवावे लागत नाही. पहिल्या चाचणीत मात्र मेमरी 48 ऐवजी 60 जीबी झाली, कारण शून्ये लिहिताना मी जमिनीवरच्या बिंदूंनाही हात लावत होतो. शून्ये लिहिण्याच्या त्या लूपमध्ये समुद्र आणि जमीन यांची तपासणी घातली, आणि चित्र पुन्हा काढून पाहिले तेव्हा किनारा पूर्वीसारखाच तीन वेळा दिसला. हर्णैच्या खाली 0 आणि वर 1.