परिशिष्ट एकवर बाबांचं नाव

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून आमच्या वाचनालयाच्या परिशिष्ट एकची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या सरकारी नोंदीची, नक्कल घेतली, तर चौथ्या ओळीत त्यांचं नाव होतं, पुढे ‘चिटणीस’. सात नावांपैकी पाच माणसं आता नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी ती यादी दोनदा वाचली आणि मग एसटी धरली.

नक्कल काढायला कारण घडलं ते मागच्या चार गुंठ्यांमुळे. बँकेतून निवृत्त होऊन गावी आले, वार्षिक सभेत मला कार्यकारी मंडळावर घेतलं, आणि पहिल्याच बैठकीत वाचनालयामागची मोकळी जागा एका बिल्डरला द्यायचा ठराव समोर आला. टाइप केलेला, सह्या तेवढ्या बाकी. मी विचारलं, “कलम छत्तीसची परवानगी?” अध्यक्ष म्हणाले, “ताई, संस्था आपली, जागा आपली. परवानगी कुणाची?”

ते वाईट माणूस नाहीत. वाचनालयाच्या छपरासाठी त्यांनी स्वतः दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आहे. पण जागा आपली नाही, हे मला त्यांना सांगावंच लागलं. ती १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाची आहे. (कायद्याचं नाव बदलून ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था’ झालं, तरी वकील अजून जुन्या ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स’ नावावरून ‘बीपीटी ॲक्ट’च म्हणतात.) त्या कायद्याच्या कलम छत्तीसप्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी हवी. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तरीही. मूल्यांकन करून घ्यायचं, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागवायच्या, आणि व्यवहार न्यासाच्या हिताचा, लाभाचा किंवा संरक्षणाचा आहे हे पटवून द्यायचं. आमच्याकडे एकाच माणसाचा प्रस्ताव होता आणि मूल्यांकन झालेलंच नव्हतं.

पुढचा प्रश्न जास्त अवघड निघाला. परवानगीचा अर्ज करणार कोण? ज्यांची नावं परिशिष्ट एकवर आहेत ते. आणि तिथे तर बाबा! त्यांच्यानंतर आमच्याकडे तीन निवडणुका झाल्या, हार घातले गेले, फोटो निघाले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची खबर, एकदाही दाखल झाला नाही. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तो द्यायचा असतो. मधला एक राहिला की पुढचेही अडकतात, कारण ज्यांनी निवडणूक घेतली त्यांचीच नोंद नसते. म्हणजे अकरा वर्षं वाचनालय चालवणारी माणसं कागदावर नव्हतीच.

गावात सगळे समजतात, धर्मादायवाले बघत असतात. अधिकार त्यांना खरोखर मोठे आहेत. हिशेब वारंवार न देणाऱ्या किंवा पैसा खाणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१ ड खाली निलंबित करता येतं, काढताही येतं. कारभार विस्कटला तर ५० अ खाली कारभाराची योजना आखून देता येते. वर जिल्हा न्यायालय आहे, उच्च न्यायालय आहे. शिर्डीच्या संस्थानाचं सरकारने नेमलेलं मंडळ औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२ मध्ये बरखास्त केलं, ते सगळ्यांनी वाचलं. पण अशा प्रकरणातही कुणीतरी आधी दार ठोठावलेलं असतं. न्यासाच्या कारभाराबद्दल कलम ५० खाली न्यायालयात दावा करायला आयुक्तांची संमती आणि न्यासात हितसंबंध असलेली दोन माणसं पुरतात. मला हे फार मोलाचं वाटतं. रोज सकाळी पेपर वाचायला येणारे दोन सभासद न्यायालयासमोर उभे राहू शकतात. मात्र त्या दोघांनी हिशेब मागितलेला हवा, नकला काढलेल्या हव्यात.

आम्हाला दाव्यापर्यंत जावं लागलं नाही. नक्कल टेबलावर ठेवली तेव्हा अध्यक्ष बराच वेळ गप्प बसले. ठराव मागे घेतला गेला. आता विलंब माफीच्या अर्जासह तिन्ही चेंज रिपोर्ट दाखल करायचे आहेत. सभेच्या नोटिसा, इतिवृत्त, नव्या मंडळाची संमतीपत्रं गोळा करणं चालू आहे. एका सभेची हजेरी सापडत नव्हती, ती जुन्या ‘देणगी’ वहीच्या मागच्या पानांवर मिळाली, शाईने, नीट रेघा मारून.

मृत्यूचे दाखलेही जोडायचे आहेत. बाबांचा माझ्याकडेच होता. बाकीच्यांसाठी मी घरोघर जाते आहे. परवा जोशीकाकांच्या सुनेकडे गेले. तिने ट्रंक उघडून दाखला काढला, आणि त्याखाली काकांचं वाचनालयाचं सभासद कार्ड होतं. “हेही लागेल का हो?” तिने विचारलं. लागत नव्हतं, पण मी त्याचीही झेरॉक्स काढून घेतली.