हालोल रोडवरचं मिसिंग

मामाने मागे दोन गोष्टी ठेवल्या: दांडिया बाजारातल्या वाड्याच्या वाटणीचं भांडण आणि १९६९ सालची लाल एमजीबी, म्हणजे इंग्लिश स्पोर्ट्स कार. भांडण वर्षभरात मिटलं. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तो बघून आल्यापासून ठरवलं होतं की ही गाडी नुसती झाकून ठेवायची नाही, चालवायची. गेल्या वर्षी ती मिस करायला, म्हणजे चालता चालता उचक्या द्यायला लागली आणि चार महिने मी फक्त बॉनेट उघडत आणि बंद करत राहिलो.

लक्षण विचित्र होतं. आयडलिंगला इंजिन शिवणयंत्रासारखं. बडोद्याच्या ट्रॅफिकमध्ये ठीक. पण हालोल रोडला लागून सत्तरच्या आसपास पाय स्थिर ठेवला की उचक्या सुरू, मधूनच सायलेन्सरमध्ये फट्ट. आणि ॲक्सिलरेटर पार खाली दाबला की उचक्या गायब, गाडी सुसाट! पावागडला माचीपर्यंतचा चढ ती एकदाही न अडखळता चढून गेली. खाली उतरून सपाट रस्त्याला लागलो, की पुन्हा तेच.

मकरपुऱ्याच्या गॅरेजवाल्या काकांनी हे अर्धंच ऐकलं. "भाई, आ पेट्रोलनो वांधो छे." पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, जुन्या गाड्यांना ते सोसत नाही, वगैरे. मलाही पटलं, कारण रबरी पाइपांना हात लावला की बोटं काळी होत होती. पाइप बदलले, ते काही वाया गेलं नाही. दोन्ही एसयू कार्बोरेटर उघडून धुतले, डॅशपॉटमध्ये तेल घातलं. गाडीतल्या इंधन पंपाचा पाइप बाटलीत सोडून इग्निशन चालू केलं तर टकटक करत मिनिटभरात अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल आलं. आणि पेट्रोल कमी पडत असतं तर चढावर सगळ्यात आधी पडलं असतं, एवढं साधं माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

मग एका रविवारी मी शहाणपणा केला. प्लग, प्लगच्या वायरी, डेल्कोची (म्हणजे प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप, त्यातला फिरता रोटर, कंडेन्सर, सगळं एकदम नवं. १-३-४-२ हा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना स्पार्क मिळायचा क्रम, तोंडपाठ होता. या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट फिरतो हे विसरलो आणि वायरी सुलट क्रमाने खोचल्या. सेल्फ मारताच कार्बोरेटरमधून असा बार निघाला की शेजारच्या आजी गॅलरीत आल्या. वायरी सुधारल्या तर जुनं मिसिंग होतंच, शिवाय गाडी तापली की बंद पडायला लागली. ते नव्या कंडेन्सरचं काम. मामाच्या वेळचा जुना पुन्हा बसवला, बंद पडणं थांबलं. हल्ली नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं मी धरून चालत नाही आणि एका वेळी एकच वस्तू बदलतो.

चोर पकडला तो बायकोने. सकाळी सेव-उसळ खाऊन आम्ही हालोलच्या दिशेने निघालो होतो. मी रस्ता बघत होतो, ती डॅशबोर्ड. "अहो, उचकी लागते ना, तेव्हा हा काटापण पडतो."

टॅकोमीटरचा काटा. अडीच हजारांवर उभा असलेला काटा उचकीसरशी खाली कोसळायचा आणि लगेच वर यायचा. इंजिनाचा वेग इतक्या झटक्यात पडूच शकत नाही. पण या गाडीचा टॅकोमीटर स्पार्कची वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या प्रायमरीचे, म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूचे ठोके मोजतो. प्लग, रोटर किंवा पेट्रोलचा दोष असता तर काटा जागचा हलला नसता. तो पडतोय म्हणजे कॉइलचा बारा व्होल्टचा रस्ताच मध्ये तुटतोय.

आणि मग पावागडचा चढ आठवला. पाय स्थिर असताना कार्बोरेटरकडचा व्हॅक्यूम डेल्कोच्या आतली प्लेट फिरवतो, म्हणजे स्पार्क थोडा आधी पडतो. आयडलिंगला हा व्हॅक्यूम नसतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तोही जातो. मिसिंग होत होतं ते नेमकं प्लेट फिरलेली असताना.

घरी येऊन बॅटरी सोडवली, कॉइलची वायर काढली, पॉइंटच्या, म्हणजे कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डेल्कोतल्या स्विचच्या, फटीत जाड कागद सरकवला आणि डेल्कोच्या बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटच्या पत्तीपर्यंत मीटर लावला. बीप. मग व्हॅक्यूमचा पाइप कार्बोरेटरकडून काढून तोंडात धरला आणि ओढला. जिभेवर पेट्रोलची कडवट चव आली, प्लेट जराशी सरकली आणि बीप बंद. सोडला, बीप. ओढला, बंद. "उसाचा रस पिताय का?" हिने दारातूनच विचारलं.

आत टर्मिनलपासून पॉइंटला जाणारी दोन इंचांची वायर आहे. वरून शाबूत. काढून दोन टोकांना धरून ओढली तर मधोमध रबरासारखी लांबली. आतलं तांबं केव्हाच तुटलं होतं, वरचं इन्शुलेशनच तेवढं धरून होतं.

साधी वायर इथे चालत नाही, प्लेटबरोबर हलून हलून पुन्हा तुटते. काकांनी एका मोडक्या मीटरच्या लीडमधली केसासारख्या तारांची मऊ वायर काढून दिली आणि बजावलं, सोल्डर अगदी टोकालाच. वायरीत वर चढलं तर ती कडक होऊन तिथेच तुटणार. पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवला, टायमिंग बघितलं, निघालो. काटा अडीच हजारांवर खिळल्यासारखा.

काकांना फोन केला. वायरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "पाइप बदल्या एटले सारुं थयुं," म्हणाले. पाइप बदलले म्हणून बरं झालं!